नारिताहून टोकियो शहरात: गाडी निवडण्याआधी मुक्कामाचा पत्ता उघडा

जपानला निघालेल्या कुणाशीही बोललं की एक प्रश्न हमखास येतो: नारिता विमानतळावरून टोकियोला जायला सगळ्यात चांगली गाडी कोणती? मला हा प्रश्न अर्धवट वाटतो. टोकियो म्हणजे एक ठिकाण नव्हे. शिंजुकूही टोकियो, असाकुसाही टोकियो, आणि एकाला सोयीची गाडी दुसऱ्याला चांगलीच त्रासाची ठरते. त्यामुळे विमानतळापासून मोजायला सुरुवात करू नका. हॉटेलच्या दारापासून उलटं मोजत विमानतळापर्यंत या.

हे मी अनुभवाने सांगतोय. पहिल्यांदा गेलो तेव्हा माझा मुक्काम असाकुसाला होता. नारिता एक्सप्रेसचं नाव सगळीकडे वाचलं होतं, म्हणून तिचंच तिकीट काढलं आणि तासाभरात टोकियो स्टेशनला उतरलो. तिचा फलाट जमिनीखाली पाचव्या मजल्याइतका खोल. दोन मोठ्या बॅगा घेऊन वर आलो, जेआर या रेल्वे कंपनीच्या गाडीने एक स्टेशन कांदापर्यंत गेलो, तिथे पुन्हा जिने, मग गिंझा मेट्रो. गाडीतला प्रवास एक तासाचा, पण त्यापुढचे काही किलोमीटर पार करायला जवळजवळ तेवढाच वेळ गेला. त्याच विमानतळावरून, त्याच तळघरातून, थेट असाकुसाला जाणारी गाडी निम्म्याहून कमी भाड्यात मिळाली असती. ती जास्त थांबे घेते, तिला आरक्षित आसनं नाहीत, म्हणून मी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं.

इतक्या लांब विमानतळ, आणि दोन वेगळ्या रेल्वे

नारिता टोकियोत नाही, शेजारच्या चिबा प्रांतात आहे. शहराच्या मध्यापासून साधारण ६० किलोमीटर पूर्वेला. हानेदा हा दुसरा विमानतळ मात्र शहराला लागूनच, १५ किलोमीटरच्या आसपास. तिकीट काढताना विमानतळाच्या नावाच्या जागी नुसतं टोकियो दिसलं, तर सांकेतिक अक्षरं बघा: एनआरटी म्हणजे नारिता, एचएनडी म्हणजे हानेदा. भाडं थोडंसंच जास्त असेल आणि विमान हानेदाला उतरत असेल, तर मी डोळे मिटून हानेदा घेईन.

नारिता १९७८ च्या मे महिन्यात सुरू झाला. जमिनी जाणार म्हणून तिथल्या शेतकऱ्यांनी विमानतळाला कडवा विरोध केला, आणि तो संघर्ष वर्षानुवर्षं चालला. शहरातून विमानतळापर्यंत थेट बुलेट ट्रेन आणायची मूळ योजना होती. तीही विरोध आणि खर्चात अडकली आणि शेवटी सोडून द्यावी लागली. टर्मिनलखाली तिच्यासाठी बांधून ठेवलेली स्टेशनं बरीच वर्षं रिकामी पडून होती, आणि केइसेई या खासगी रेल्वेचे प्रवासी टर्मिनलबाहेरच्या स्टेशनवर उतरून बसने आत येत. १९९१ मध्ये त्या रिकाम्या स्टेशनांमध्ये जेआर आणि केइसेई अशा दोन्ही रेल्वे आल्या. पुढे २०१० मध्ये केइसेईने स्काय ॲक्सेस हा नवा, सरळ मार्ग सुरू केला. त्याचा काही भाग त्या न झालेल्या बुलेट ट्रेनसाठी आखलेल्या पट्ट्यातूनच जातो.

आज तळघरात शेजारी शेजारी दोन वेगळ्या कंपन्यांची फाटकं दिसतात, त्याचं मूळ इथे आहे. एकीचं तिकीट दुसरीला चालत नाही, दोघींचे मार्ग वेगळे, आणि शहरात शिरण्याच्या जागाही वेगळ्या. जेआर टोकियो स्टेशनकडून आत येते, केइसेई ईशान्येकडून, म्हणजे निप्पोरी आणि उएनोच्या बाजूने. एवढं नीट लक्षात राहिलं तरी निम्मा घोळ मिटतो.

घरी बसून करायचं काम

हॉटेलच्या पानावर 'स्टेशनपासून ५ मिनिटं' असं लिहिलेलं असतं. कोणत्या स्टेशनपासून, कोणत्या मार्गाच्या, आणि कोणत्या दरवाजापासून, हे शोधा. टोकियोत एकाच नावाच्या स्टेशनवर चार-पाच मार्ग येतात आणि एका फलाटापासून दुसऱ्यापर्यंत दहा मिनिटं चालावं लागू शकतं. छोट्या मेट्रो स्टेशनांवर लिफ्ट बहुधा एखाद्याच दरवाजाला असते, बाकी ठिकाणी जिने. स्टेशनच्या नकाशात लिफ्टचं चिन्ह कुठे आहे ते पाहून तो दरवाजाचा क्रमांक लिहून ठेवा. मोठी बॅग, लहान मूल किंवा गुडघेदुखी, यातलं काहीही बरोबर असेल तर हा क्रमांक गाडीच्या वेगापेक्षा मोलाचा.

मग विमान उतरण्याची वेळ लिहा आणि तिच्यात सव्वा ते दीड तास मिळवा. चालत इमिग्रेशनपर्यंत येणं, रांग, बॅगा, कस्टम्स, हे सगळं त्यात येतं. 'व्हिजिट जपान वेब' या सरकारी संकेतस्थळावर आधीच माहिती भरून क्यूआर कोड घेतला तर अर्ज हाताने भरण्याचा वेळ वाचतो, पण रांग ती रांगच. दीड तासाने जी वेळ येते तीच तुमची गाडीची वेळ. ती रात्री नऊच्या पुढे जात असेल तर खालचा रात्रीचा भाग आधी वाचा, कारण तेव्हा निवड तुमच्या हातात फारशी उरत नाही.

शेवटी बदल मोजा. बदल म्हणजे एका गाडीतून उतरून दुसरीत बसणं. मी स्वतः मोठ्या बॅगेसह प्रत्येक बदलाला १५ मिनिटं धरतो, कारण नकाशातलं ॲप जे ५ मिनिटं दाखवतं ते रिकाम्या हाताने, रस्ता माहीत असलेल्या माणसाचं असतं. या हिशेबाने ४० मिनिटांची वेगवान गाडी आणि दोन बदल हे तासाभराच्या थेट गाडीपेक्षा मागे पडतात.

गाड्या, एकेक करून

स्कायलायनर ही केइसेईची सगळ्यात वेगवान गाडी. स्काय ॲक्सेस मार्गावर ती ताशी १६० किलोमीटर वेगाने धावते. बुलेट ट्रेन सोडल्या तर जपानमध्ये याहून वेगात चालणारी गाडी नाही. दुसऱ्या टर्मिनलपासून निप्पोरी जेमतेम ३६ ते ४० मिनिटं, पुढे काही मिनिटांत केइसेई-उएनो. सगळी आसनं आरक्षित, डब्याच्या टोकाला बॅगांची जागा, दिवसा साधारण दर २० मिनिटांनी गाडी. भाडं अडीच हजार येनच्या आसपास. आधी ऑनलाइन घेतलं तर परदेशी प्रवाशांना थोडी सवलत मिळते, आणि टोकियोच्या मेट्रोच्या २४, ४८ किंवा ७२ तासांच्या पासबरोबर जोडलेलं तिकीटही मिळतं. शहरात मेट्रोनेच फिरायचं ठरवलं असेल तर ते जोडतिकीट फायद्याचं आहे. निप्पोरीला उतरून वर आलं की जेआरची यामानोते, म्हणजे शहराला गोल वळसा घालणारी गाडी, त्याच इमारतीत मिळते. केइसेई-उएनो मात्र जेआरच्या उएनो स्टेशनपासून वेगळं आहे, रस्त्याने काही मिनिटं चालावं लागतं. म्हणून पुढे जेआर पकडायची असेल तर निप्पोरीलाच उतरावं.

नारिता एक्सप्रेस, जिला सगळे 'नेक्स' म्हणतात, ती जेआरची. टोकियो स्टेशनला साधारण तासाभरात, शिबुयाला सव्वा तासाच्या पुढेमागे, शिंजुकूला ८० ते ९० मिनिटांत. साधारण अर्ध्या तासाने एक गाडी. टोकियो स्टेशनपर्यंत तीन हजार येनहून थोडं जास्त, शिंजुकू-शिबुयाला आणखी थोडं. परदेशी पासपोर्ट असलेल्यांसाठी १४ दिवसांत वापरायचं जाण्या-येण्याचं तिकीट सुमारे ५,००० येनला मिळतं, आणि परतीचं विमानही नारिताहूनच असेल तर एकेरी तिकीट काढण्यात अर्थ नाही. बॅगांच्या कप्प्याला आकड्यांचं कुलूप असतं, त्यामुळे निर्धास्त झोपता येतं. एक काळजी घ्या: काही गाड्या टोकियो स्टेशनला दोन तुकड्यांत विभागल्या जातात. अर्धे डबे शिंजुकूकडे जातात, अर्धे योकोहामाच्या दिशेने. तिकिटावरचा डबा क्रमांक पाहूनच बसा. 'आत्ता कुठेतरी बसू, मग बघू' हे इथे महागात पडतं.

ॲक्सेस एक्सप्रेस ही माझी लाडकी. केइसेईचीच, स्कायलायनरच्याच नव्या मार्गाने येणारी, पण साधी गाडी. लोकलसारखी लांब बाकं, आरक्षण नाही, जादा शुल्क नाही. दिवसातल्या बऱ्याचशा गाड्या शहरात शिरल्यावर तोएई असाकुसा या मेट्रो मार्गावर जातात आणि ओशिआगे, असाकुसा, निहोनबाशी, हिगाशी-गिंझा, शिंबाशी करत पुढे हानेदाला पोचतात. असाकुसापर्यंत साधारण तासभर, भाडं १,४०० येनच्या आत-बाहेर. फलाटावरच्या पाटीवर 'हानेदा विमानतळ' असं पाहून लोक घाबरतात, आपण एका विमानतळावरून दुसऱ्यावर तर चाललो नाही ना म्हणून. घाबरू नका, असाकुसा आणि हिगाशी-गिंझासाठी तीच गाडी बरोबर. उणीव एकच: साधारण ४० मिनिटांनी एक गाडी, त्यामुळे वेळ पाहून ठेवावी लागते. सकाळच्या गर्दीत शहराजवळ उभ्याने माणसं भरतात, तेव्हा मोठ्या बॅगा घेऊन ती गाडी नको.

केइसेईची जुनी मुख्य मार्गावरची गाडी सगळ्यात स्वस्त, उएनोपर्यंत हजार येनहून थोडं जास्त, वेळ ७५ ते ८० मिनिटं. हिला इंग्रजी पाट्यांवर 'लिमिटेड एक्सप्रेस' म्हणतात आणि तरीही तिला जादा शुल्क नाही. जेआरच्या बाबतीत मात्र 'लिमिटेड एक्सप्रेस' म्हणजे मूळ भाड्यावर वेगळं शुल्क. एकाच शब्दाचे दोन अर्थ, आणि तेही एकाच तळघरात, त्यामुळे नवखा माणूस गोंधळणारच. जेआरचीही एक साधी जलद गाडी आहे, टोकियो स्टेशनला दीड तासाच्या आसपास, तेरा-चौदाशे येन. टोकियो स्टेशनच्या परिसरातच राहणाऱ्यांनी, वेळ भरपूर असेल तर, तिचा विचार करावा.

बसबद्दल लोक उगाच नाक मुरडतात. टोकियो स्टेशन आणि गिंझाला जाणारी साधी बस १,५०० येनच्या आसपास आहे. टर्मिनलच्या दारातून निघते, बॅगा पोटात ठेवते, आणि रस्ता मोकळा असेल तर सव्वा तासात पोचवते. आरक्षण नसलं तरी रांगेत उभं राहून पुढच्या बसमध्ये जागा मिळते. लिमोझिन बस याहून महाग, तीन हजारांच्या पुढे, पण ती शिंजुकू, इकेबुकुरो, शिबुया भागातल्या मोठ्या हॉटेलांच्या थेट दारात थांबते. एकही जिना नाही, एकही बदल नाही. वयस्कर आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्याला मी हीच सांगतो. दोन्ही बसना धोका रस्त्याचा: संध्याकाळी आणि सुट्ट्यांच्या शेवटच्या दिवशी द्रुतगती मार्ग तुंबतो, आणि सव्वा तासाचे दोन तास होतात. विमानतळावरून येताना हे सोसता येतं, विमान पकडायला जाताना नाही.

टॅक्सीला वीस हजार येनच्या वर पडतात, बहुतेक वेळा बरेच वर. विभागानुसार ठरलेले दर असतात, टोल वेगळा, आणि रात्री १० ते पहाटे ५ या वेळात २० टक्के जादा. चौघांनी वाटून घेतले तरी नेक्सपेक्षा दुपटीच्या आसपास जातं. बक्षिशी द्यायची पद्धत नाही आणि दार चालकच उघडतो.

तुमचा मुक्काम कुठे, त्यावरून

उएनो, निप्पोरी, यानाका, अकिहाबारा या पट्ट्यात हॉटेल असेल तर फार विचार करू नका: स्कायलायनर. अकिहाबारासाठी निप्पोरीहून यामानोते घ्यायची, दहा मिनिटांच्या आत पोचता. पैसे वाचवायचे असतील तर जुन्या मार्गाची स्वस्त गाडी, अर्धा तास जास्त लागेल इतकंच.

असाकुसा, ओशिआगे, निहोनबाशी, हिगाशी-गिंझा: ॲक्सेस एक्सप्रेस, थेट. ती नुकतीच गेली असेल तर पुढची ४० मिनिटं थांबायचं की स्कायलायनरने उएनोला जायचं हा प्रश्न येतो. केइसेई-उएनोपासून उएनोच्या मेट्रोपर्यंत चालायला काही मिनिटं आहेत आणि तिथून गिंझा मार्ग असाकुसाला जातो. एक छोटी बॅग असेल तर तसं करा. दोन मोठ्या असतील तर खाली बाकावर बसून वाट पाहा.

टोकियो स्टेशन आणि गिंझासाठी मी दुपारी असेन तर बस घेईन, संध्याकाळी असेन तर नेक्स. नेक्सच्या खोल फलाटावरून वर यायला आणि योग्य दरवाजा शोधायला १५ मिनिटं धरावीत. बस जमिनीवर सोडते, हा तिचा मोठा गुण.

इकेबुकुरोच्या बाबतीत नकाशा फसवतो. ते शहराच्या पश्चिम अंगाला आहे, म्हणून लोक नेक्सकडे वळतात. पण स्कायलायनरने निप्पोरी आणि तिथून यामानोतेने बारा मिनिटं, एकच बदल, तासाभरात हॉटेल. मोठ्या हॉटेलात असाल तर लिमोझिन बस.

शिंजुकूवर सगळ्यात जास्त वाद होतो. नेक्स थेट, दीड तासाच्या आत. स्कायलायनर आणि यामानोते मिळून सव्वा तास, एक बदल, भाडंही थोडं कमी. कागदावर दुसरा पर्याय जिंकतो. पण यामानोते सकाळी साडेसात ते साडेनऊ आणि संध्याकाळी कामावरून परतणाऱ्यांच्या वेळी इतकी भरते की मोठी बॅग आत नेणं दुसऱ्यांवर अन्याय आहे. शिवाय शिंजुकू हे जगातलं सगळ्यात गर्दीचं स्टेशन. गर्दीच्या वेळी नेक्स किंवा बस, भर दुपारी हलक्या सामानाने स्कायलायनर, असं मी सांगेन. शिबुयाला मात्र सरळ नेक्सच.

योकोहामाला नेक्सच्या काही गाड्या थेट जातात, दीड तासाच्या आसपास. आणि टोकियोत न थांबता बुलेट ट्रेनने क्योतो-ओसाकाकडे जायचं असेल, तर गाडी शिनागावाला थांबत असल्यास तिथे बदला. टोकियो स्टेशनच्या तळातून बुलेट ट्रेनच्या फलाटापर्यंत बॅगा ओढत जाण्यापेक्षा ते सोपं पडतं.

रात्री उतरणाऱ्यांसाठी

शेवटची नेक्स रात्री पावणेदहाच्या सुमारास निघते. शेवटची स्कायलायनर सव्वाअकराच्या पुढेमागे. म्हणजे विमान साडेआठच्या नंतर उतरणार असेल तर नेक्स हिशेबात धरू नका, आणि दहाला उतरणार असेल तर स्कायलायनरसुद्धा धावपळीची. स्कायलायनरने मध्यरात्रीच्या आसपास निप्पोरीला पोचलात तर यामानोते अजून चालू असते, पण तिथून पुढे आणखी एखादी मेट्रो पकडायची असेल तर ती बहुधा गेलेली असते. टोकियोच्या गाड्या रात्री साधारण एकच्या आत थांबतात आणि पहाटे पाचच्या सुमाराला सुरू होतात. रात्रभर चालणारी लोकल तिथे नाही. उशिराच्या काही बस असतात, त्यांचं भाडं दिवसापेक्षा जास्त.

उशिराचं विमान आधीच घेऊन बसला असाल तर माझा सल्ला स्पष्ट आहे: पहिली रात्र विमानतळावर किंवा नारिता गावात काढा. दुसऱ्या टर्मिनलच्या वाहनतळाच्या इमारतीत 'नाइन अवर्स' हे कॅप्सूल हॉटेल, म्हणजे झोपण्यापुरत्या छोट्या कप्प्यांचं हॉटेल, आहे, आणि आजूबाजूच्या बऱ्याच हॉटेलांच्या मोफत बस टर्मिनलबाहेर येतात. टॅक्सीच्या पैशांत ती रात्र आरामात निघते. सकाळी नारितासान या जुन्या, मोठ्या बौद्ध मंदिरात जाऊन, गर्दी ओसरल्यावर शहराकडे निघता येतं. दमलेल्या मुलांना मध्यरात्री अनोळखी स्टेशनांतून फरफटत नेण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

वादळाच्या दिवसांत, म्हणजे ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये, आणखी एक शक्यता डोक्यात ठेवा. सप्टेंबर २०१९ च्या वादळात शहराकडे जाणाऱ्या रेल्वे आणि बस दोन्ही बंद पडल्या, विमानं मात्र उतरत राहिली, आणि सुमारे १३ हजार माणसांना नारितातच रात्र काढावी लागली. वादळाचा इशारा असेल तर उतरण्याआधी पाणी आणि थोडं खाणं हाताशी असू द्या. मोबाइलची बॅटरीही.

पैसे, कार्ड आणि तिकीट

सुइका किंवा पास्मो हे कार्ड घ्या. फाटकाला टेकवलं की भाडं वळतं होतं, जेआर, केइसेई, मेट्रो, शहरातली बस सगळीकडे चालतं. पर्यटकांसाठी 'वेलकम सुइका' आहे, तिला अनामत नाही, पण २८ दिवसांनी ती संपते आणि उरलेले पैसे परत मिळत नाहीत. त्यामुळे एकदम दहा हजार भरू नका, दोन-तीन हजारांपासून सुरू करा. कार्डात पैसे भरणारी बरीच यंत्रं फक्त रोख घेतात, म्हणून विमानतळावरच एटीएममधून थोडे येन काढा.

एक गोष्ट नीट समजून घ्या. कार्ड टेकवून आत जाता येतं म्हणून कोणत्याही गाडीत बसता येतं असं नाही. नेक्स आणि स्कायलायनरसाठी आसनाचं वेगळं तिकीट लागतं, कार्डातून फक्त मूळ भाडं कापलं जातं. ॲक्सेस एक्सप्रेस, जुन्या मार्गाची गाडी आणि जेआरची जलद गाडी यांना मात्र नुसतं कार्ड पुरतं.

जेआर पास, म्हणजे ठरावीक दिवस जेआरच्या गाड्यांनी फिरायचा पास, असेल तर नेक्स त्यात येते, केइसेईची एकही गाडी येत नाही. पण नुसतं टोकियो पाहायला जेआर पास घेऊ नका. सात दिवसांचा पास २०२३ च्या ऑक्टोबरपासून ५०,००० येनवर गेला आहे. आणि लांबच्या प्रवासासाठी घेतलाच असेल, तर केवळ विमानतळाहून यायला तो पहिल्याच दिवशी सुरू करणं म्हणजे एक दिवस वाया.

मुलांचं: ६ ते ११ वर्षांच्या मुलांना अर्धं भाडं. त्याहून लहान मूल मांडीवर बसणार असेल तर मोफत. वेगळं आसन हवं असेल तर पैसे पडतात.

ठरलेल्या वेळेचं तिकीट घरूनच काढू नका. विमान उशिरा आलं किंवा रांग लांबली की गाडी निघून जाते आणि मग बदलाबदलीत वेळ मोडतो. सवलतीचं तिकीट ऑनलाइन घ्यायचं असेल तर वेळ नंतर ठरवता येईल असं घ्या, आणि बॅगा हातात आल्यावर पुढची गाडी निवडा. नववर्षाच्या सुट्ट्या सोडल्या तर पुढच्या एक-दोन गाड्यांत जागा मिळतेच.

सामान पुढे धाडून द्या

जपानमध्ये ताक्क्यूबिन म्हणतात ती सामान पोचवण्याची सेवा आहे, आणि इतक्या चोख व्यवस्थेची सवय आपल्याला नसल्याने लोक तिचा विचारच करत नाहीत. आगमन कक्षात तिच्या खिडक्या आहेत. बॅग द्या, हॉटेलचा पत्ता द्या, बहुधा दुसऱ्या दिवशी बॅग हॉटेलात हजर. आकारानुसार एका बॅगेला साधारण दोन-तीन हजार येन. एका रात्रीचे कपडे आणि औषधं पाठीवरच्या पिशवीत ठेवायची आणि मोकळ्या हाताने निघायचं. असं केलंत तर वरचा बदलांचा सगळा हिशेब पालटतो, आणि जुन्या मार्गाची हजार येनची गाडीही आनंदाची होते. हॉटेलच्या स्वागतकक्षाला आधी एक ओळ लिहून कळवा म्हणजे बॅग स्वीकारायला ते तयार असतील.

प्रत्यक्ष दिवशी

कस्टम्समधून बाहेर आलात की घाई न करता आधी येन काढा, मग इंटरनेट चालू आहे का पाहा, मग 'रेल्वे' पाटीच्या मागे तळघरात उतरा. पहिल्या टर्मिनलचं स्टेशन हे सुरुवातीचं स्टेशन, त्यामुळे आरक्षण नसलेल्या गाडीत तिथे बसायला जागा हमखास मिळते. दुसऱ्या टर्मिनलला तीच गाडी एक-दोन मिनिटांनी येते. तिसऱ्या टर्मिनलला, जिथे स्वस्त विमान कंपन्या उतरतात, स्वतःचं स्टेशन नाही. तिथून दुसऱ्या टर्मिनलपर्यंत आखलेल्या वाटेने चालत किंवा मोफत बसने यायचं, सामानासह १५ मिनिटं धरून.

केइसेईच्या फलाटाजवळ आल्यावर मार्गाचं नाव पुन्हा वाचा. स्काय ॲक्सेस आणि जुना मुख्य मार्ग यांची भाडी वेगळी आहेत आणि दोन्हीकडे 'उएनो' लिहिलेलं असू शकतं. शंका आली तर गणवेशातल्या माणसाला हॉटेलजवळच्या स्टेशनचं नाव दाखवा. तोडकंमोडकं इंग्रजी आणि बोटाने दाखवणं, एवढ्यावर काम होतं. ते तुम्हाला बरोबर फलाटावर नेऊन सोडतील, इतकी माणुसकी मी तिथे प्रत्येक वेळी पाहिली आहे.

गाडीत बॅग दाराच्या आड ठेवू नका, पाठीवरची पिशवी पुढे घ्या, फोनवर बोलू नका. टोकियोत सरकत्या जिन्यावर डाव्या बाजूला उभं राहतात.

परतताना

परतीच्या वेळी बस टाळा, किंवा टाळता येत नसेल तर एक तास जास्त धरा. आंतरराष्ट्रीय विमानाच्या तीन तास आधी टर्मिनलमध्ये पोचायचं, हे पक्कं ठेवून हॉटेलमधून निघायची वेळ काढा. स्कायलायनर किंवा नेक्सचं आसन आदल्या दिवशी घ्या, यावेळी वेळ तुमच्या हातात असते आणि गाडी चुकवून चालत नाही.

नारिता हे गावाचंही नाव आहे, आणि गावात जेआर नारिता व केइसेई-नारिता अशी दोन स्टेशनं आहेत. तिथे विमानतळ नाही. काही गाड्या तिथेच संपतात. म्हणून गाडीच्या पाटीवर नुसतं 'नारिता' नको, 'नारिता विमानतळ' असं पाहिजे. आणि उतरताना क्रम उलटा असतो: आधी दुसऱ्या व तिसऱ्या टर्मिनलचं स्टेशन येतं, मग पहिल्याचं. तुमची विमान कंपनी कोणत्या टर्मिनलमधून उडते ते आदल्या रात्रीच तिकिटावर पाहून ठेवा. तिसरं असेल तर दुसऱ्याला उतरायचं आणि पुढची १५ मिनिटं पुन्हा हिशेबात धरायची.